वीस मिनिटं

माझ्या भाचीच्या हातचं तिच्या गावात वर्षभर कुणी खाल्लं नाही. ओंदिना तिचं नाव. नारळाच्या दुधात मळलेले पाव भाजून ती धक्क्यावर विकायची. सकाळी सातला टोपली डोक्यावर, दहाच्या आत रिकामी. मग एका दुपारी तिच्या आईच्या गटाने केलेल्या भाकरीने अकरा माणसं आजारी पडली. दहा उठली, तिची आई उठली नाही. त्या दिवसापासून गावाने मनाशी धरलं की त्या घरच्या हाताला विष आहे. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. टोपलीपाशी आले की लोक समुद्राकडे बघायचे आणि पुढे जायचे.

ती आई म्हणजे माझी धाकटी बहीण, नासारिया. आणि ती भाकरी कशी करायची ते लिहून दिलं होतं मी.

आम्ही गारिफुना. आमची गावं चार देशांच्या किनाऱ्यावर पसरलेली आहेत. आम्ही आधीचे, सरहद्दी मागाहून आल्या. भाऊ एका देशात आणि बहीण दुसऱ्यात, हे आमच्यात घरोघरी. मी होंडुरासात सान्ता बिविआनाला राहते. नासारिया चौदा वर्षांची असताना ग्वातेमालात एका घरी धुण्याभांड्याला गेली, तिकडच्याच एका मासेमाराशी लग्न केलं आणि बोका नेग्रा गावात राहिली. आईजवळ बसून एरेबा शिकायचं तिचं वय परक्यांच्या मोरीत गेलं.

एरेबा म्हणजे कसावा या कंदाची भाकरी. परातीहून मोठी, पापडासारखी कडक, सहा महिने टिकणारी. नारळाच्या रश्श्यात बुडवून माशाबरोबर खायची. आमच्याकडचा कसावा कडू जातीचा. त्याचं पिळलेलं पाणी उघडं राहिलं तर कोंबडी मरते, डुक्कर मरतं; हे रांगतं पोर सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर किसायचं, पिळायचं, चाळायचं, भाजायचं, एवढा खटाटोप. ते एकटीचं काम नाही. आम्ही सावडीने करतो. आज तुझ्या अंगणात आठ जणी, परवा माझ्या. बोलावलं की जायचं, आणि मी तुझ्याकडे कितीदा आले हे तोंडातून काढायचं नाही.

चार वर्षांपूर्वी गावात योजना आली. चारही देशांनी मिळून काढलेली. किनाऱ्याचं अन्न किनाऱ्यावरच पिकावं, टिकावं, विकलं जावं, एका गावाला येतं ते दुसऱ्याने शिकावं, जुन्याला नव्याची जोड मिळावी, असं कापडी फलकावर लिहिलेलं होतं. खोटं कशाला सांगू, ऐकून मला बरं वाटलं. आमच्या गावाने भाकरी शिकवायची, बोका नेग्राने शिकायची, निकाराग्वाकडून किसायचं आणि पिळायचं यंत्र यायचं, बेलीझच्या लोकांनी माल दुकानांत पोचवायचा. यादीत बोका नेग्राचं नाव वाचलं आणि त्याच दिवशी मी नासारियाला फोन केला.

"खरंच शिकवणार आम्हाला?" ती म्हणाली. "अगं, माझे गुडघे गेलेत आता."

"गुडघ्याने किसायचंय का तुला?"

"हसू नकोस. आईच्या हातची खाऊन मला पंचावन्न वर्षं झाली. तुम्ही पाठवता ती बोटीत चेंगरून येते. चमच्याने चुरा खाते मी, म्हातारीसारखी."

"म्हातारीच आहेस तू."

"तुझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. विसरू नकोस."

योजनेचा इंजिनिअर एवेलिओ. राजधानीकडचा, तिशीतला, अदबीने बोलणारा. आला तो फॉर्मांचा गठ्ठा घेऊन. आमच्या गटाची पुढारी युफ्रासिया. अंगाने आडवी आणि जिभेने तिखट. तिच्या अंगणात आम्ही जमलो.

"मला सगळं जसंच्या तसं हवंय," एवेलिओ म्हणाला. "एकेक काम सांगा. कोण करतं, कशाने करतं, किती मिनिटं लागतात."

"मिनिटं आम्ही नाही ठेवत बाबा," युफ्रासिया म्हणाली. "घड्याळ नवऱ्याकडे असतं आणि नवरा बोटीवर."

"अंदाजे सांगा हो."

तिने माझ्याकडे बोट केलं. "अंदाजे म्हणजे, ही बासिलिया सुनेची गाऱ्हाणी सांगायला बसली की संपेपर्यंत दोन टोपल्या किसून होतात."

"मग चार धरा," दुसरी कुणी म्हणाली. बायका हसल्या, एवेलिओही हसला, पण त्याची मिनिटं काही सुटेनात.

फॉर्म मी भरायचं ठरलं. माझ्यापेक्षा शिकलेल्या पोरी गावात होत्या, पण त्यांना एरेबा येत नव्हता. एरेबा येणाऱ्यांत लिहिता येणारी मी एकटी. एकसष्टाव्या वर्षी चर्चच्या दुपारच्या वर्गात मी अक्षरं शिकले होते. एवेलिओ म्हणाला, तुमच्याच हाताने लिहिलेलं असलं तर फार चांगलं. मलाही तेच वाटत होतं.

दोन दिवस काम चाललं आणि मी शेजारी बसून लिहिलं. कंद उपटणे, सोलणे, धुणे, किसणे. मग रुगुमा. रुगुमा म्हणजे विणलेली लांब पिशवी, माणसाच्या उंचीची. तिच्यात ओला कीस ठासायचा, ती आढ्याला टांगायची, खालच्या टोकाला दांडा अडकवून त्यावर दगड ठेवायचे. पिशवी ताणली जाते आणि विषारी पाणी खालच्या टोपात गळतं. दगड ठेवून झाले तेव्हा सूर्य मावळायला आला होता. बायका घरी गेल्या. तो रुगुमा माझ्या पडवीत टांगलेला होता आणि एवेलिओची झोपायची सोयही तिथेच केली होती.

तो मला मान देऊन दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचा. सकाळी कॉफी घेताना तो म्हणाला, "दोन्या बासिलिया, तुमच्या त्या पिशवीने झोपू दिलं नाही हो. रात्रभर टपटप."

"तुला सवय नाही. आम्हाला ती थांबली की जाग येते."

मग बायका आल्या, आम्ही कीस चाळला, भाजला. मी लिहीत गेले. फॉर्मवर चार रकाने होते: काम, कोण, साधन, मिनिटं. 'रुगुमा भरणे, टांगणे, दगड ठेवणे' याच्यापुढे मी वीस लिहिलं. वीसच लागतात. खालच्या ओळीत 'चाळणे', चाळीस.

मधली रात्र कुठल्या रकान्यात घालायची, हा प्रश्न मला पडलाच नाही. फॉर्मने कामं विचारली होती, आणि दगड ठेवल्यावर काम संपतं. रात्री त्या पिशवीपाशी कुणी राबत नाही. आईने मला शिकवलं तेव्हा 'रात्रभर ठेव' असं ती कधी म्हणाली नव्हती. दुसरं करणार तरी काय? पाणी गळायलाच रात्र लागते. सूर्य उगवतो हे कुणी भाकरीच्या कृतीत सांगतं का?

लिहून झालं तेव्हा मी सगळ्यांना वाचून दाखवलं. लिहिलं होतं स्पॅनिशमध्ये, वाचताना आपल्या भाषेत केलं. आठ जणी ऐकत होत्या. युफ्रासियाने तर डोळे मिटले होते. वीस मिनिटं, असं मी वाचलं आणि प्रत्येकीने पुढे आपापली रात्र मनातल्या मनात घातली. कुणाला काही खटकलं नाही. युफ्रासियाने एकच चूक काढली.

"तवा झाडायच्या कुंच्याचं नाव नाही घातलंस."

मी ते घातलं. सही केली. एवेलिओने फॉर्म पिशवीत ठेवला. त्याआधी त्यानेही तो वाचून पाहिला होता.

पुढे मोठ्या शहरात एका हॉटेलात चार देशांची बैठक झाली. मला आणि युफ्रासियाला नेलं होतं. सकाळी नाश्त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीतला कापलेला पाव आणि चांदीच्या कागदातलं लोणी. युफ्रासियाने तो पाव दोन बोटांनी दाबून पाहिला.

"किनाऱ्याचं अन्न गं हे. कुठल्या किनाऱ्याचं ते मात्र विचारू नकोस."

पडद्यावर आमचे फोटो दाखवले. मग निकाराग्वाच्या माणसाने यंत्र दाखवलं. एक भाग किसतो, दुसरा दाबून पिळतो. रुगुमाची आता गरज नाही, तो म्हणाला. पडद्यावर माझाच तक्ता होता, सुबक टाइप केलेला. त्यातले माझे वीस खोडून तिथे पंधरा घातले होते. पाच मिनिटं वाचली म्हणून टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ठरलं होतं असं की मी बोका नेग्राला जाऊन पंधरा दिवस राहायचं आणि तिकडच्या बायकांना हाताला धरून शिकवायचं. नासारियाने माझ्यासाठी खाट मागून आणली होती. मग एवेलिओचा फोन आला.

"प्रवासाचे पैसे यंदा संपले हो. बैठकाच फार झाल्या. पण पुस्तिका छापून आलीय ना! तुम्हीच लिहिलेली. पुस्तिका गेली म्हणजे तुम्हीच गेल्यासारख्या."

मी माझ्या पैशाने जाऊ शकले असते. चार कोंबड्या विकल्या असत्या तर लाँचचं भाडं निघालं असतं. गेले नाही. गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती, मुखपृष्ठावर आमच्या बायकांचे किसणारे हात, आत पहिल्याच पानावर माझं पूर्ण नाव, बासिलिया नोरालेस. ते बघून मलाही वाटलं की हीच पुरे.

महिन्याभराने नासारियाचा फोन आला.

"पुस्तक आलं गं. ओंदिनाने वाचून दाखवलं. आधी तुझं नाव, मग बाकी सगळं. मी तिला तुझं नाव तीनदा वाचायला लावलं."

"आणि यंत्र?"

"आलं. पहिलं आमच्याकडेच आलं, तुमच्याकडे नंतर येणार म्हणे. जळा आता." मग ती म्हणाली, "एक विचारू? मूर्ख म्हणू नकोस. मला आठवतं, आईला दोन दिवस लागायचे. आदल्या दिवशी किसायची आणि दुसऱ्या दिवशी भाजायची. यात तर सगळं एका दिवसात दिसतंय."

"आईकडे कुठे यंत्र होतं?" मी म्हणाले. "किसण्यातच तिचा दिवस जायचा. आता भुर्रकन होतं. लिहिलंय तसं कर."

"बरं. लिहिलंय तसं करते."

बोलताना मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. तेवढंच माझं लक्ष होतं.

त्या शनिवारी त्यांनी पहिला घाणा केला. सकाळी किसलं, यंत्राने पिळलं, दुपारी शाळेच्या अंगणात भाजलं. नवा तवा, नवे हात. भाकरी जाड झाली, आतून ओलसर राहिली. गटातल्या बायका, शाळेच्या बाई, असे अकरा जण खायला बसले. पहिला मान नासारियाचा; तिकडच्या गटाची पुढारी तीच. कुणीतरी म्हणालं, जरा कडसर लागतेय. नासारिया म्हणाली, "आईची अशीच असायची," आणि तिने आणखी एक चतकोर घेतला.

आईची तशी कधीच नव्हती. एरेबा कडू लागत नाही.

तासाभरात एकेकाला ओकाऱ्या सुरू झाल्या, डोकी फिरायला लागली, पाय लटपटायला लागले. सगळ्यांत जास्त नासारियाने खाल्लं होतं. दवाखान्याकडे नेताना ती लाँचमध्येच गेली.

दफनाला मी गेले. बायका हलक्या आवाजात त्या दिवसाचं सांगत होत्या. सकाळी किसलं आणि दुपारी भाजलं, असं एक जण म्हणाली, आणि मी उभी होते तिथेच मला सगळं कळलं. पुस्तिकेचं ते पान माझ्या डोळ्यांपुढे आलं. शेजारी ओंदिना रडत होती, माझा हात घट्ट धरून. मी तो हात तसाच राहू दिला आणि काही बोलले नाही.

दोन आठवड्यांनी एवेलिओ आमच्या गावात आला. योजनेचा अहवाल तयार झाला होता. त्यात लिहिलं होतं की बोका नेग्राच्या गटाने सूचनांचं पालन केलं नाही.

"कुठल्या सूचनेचं?" मी विचारलं.

तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "कडू कसावा किसल्यावर रात्रभर राहू द्यायचा असतो. विष निघून जायला तेवढा वेळ लागतो. प्रयोगशाळेने सांगितलं."

"ते पुस्तकात आहे?"

"नाही."

"मग त्यांनी पाळायचं काय?"

"दोन्या बासिलिया, पुस्तकात नाही, कारण तुम्ही ते लिहिलं नाही."

"आणि तू? माझ्या पडवीत झोपला होतास. रात्रभर टपटप ऐकलीस."

"ऐकली," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. तो वाईट माणूस नव्हता. "मलाही ती कुठे लिहायची हे कळलं नाही. कळलं नाही म्हणजे, सुचलंच नाही."

मग त्याने खरं काम काढलं. जुन्या प्रती गोळा करायच्या. नव्या आवृत्तीत रात्र घालायची. कुणाचं नाव घ्यायचं नाही. पुस्तिकाच चुकीची होती असं बाहेर पडलं तर चारही देश योजना गुंडाळतील, आमचं यंत्र वाटेत आहे ते परत जाईल आणि एरेबा विकायलाच सगळीकडे बंदी येईल. तिकडच्या गटाकडून चूक झाली, एवढंच राहिलं तर बाकी सगळं वाचेल.

तो गेल्यावर आम्ही आठ जणी बसलो. मग युफ्रासियाने तोंड उघडलं.

"नासारिया माझ्याबरोबर खेळलेली. मला काय वाईट वाटत नाही? पण ती गेली. आता तिला कोण काय म्हणणार? आणि हे किसून किसून आपल्या बोटांची काय दशा झालीय ते बघा. यंत्र गेलं की पुन्हा येणार नाही."

"तिची मुलगी आहे तिकडे," मी म्हणाले.

"मुलीने थोडीच केली भाकरी?"

मी गप्प बसले. माझं तोंड कुणी दाबलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. प्रती गोळा करायला माणूस आला तेव्हा त्याला मी दोन दिल्या आणि एक पेटीत कपड्यांखाली ठेवली. का ठेवली, ते तेव्हा मलाच सांगता आलं नसतं. बहुतेक नावासाठी.

यंत्र आलं. बसवायला आलेल्या माणसाने कीस थेट पिळायच्या भागात घालून दाखवला, तर युफ्रासिया म्हणाली, "आज नको, उद्या," आणि कीस रात्रभर पिपात झाकून ठेवला. तो माणूस हसला. कारण आता आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण तिने ते सांगितलं नाही. सवय तर आधीपासूनची होती. आमच्या गावात कधी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. आमचा माल चार देशांत जाऊ लागला. माझ्या घराला नवं छप्पर आलं.

वर्ष होत आलं तेव्हा लाँचवाला सेल्सो एकदा धक्क्यावर म्हणाला, "तुमच्या भाचीचे पाव मासे खातात."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे रोज सकाळी भाजते, संध्याकाळी टोपली पाण्यात रिकामी करते. कुणी घेतच नाही. मी तिला म्हटलं, बंद कर बाई. तर म्हणते, बंद केलं तर त्यांचं खरं ठरेल."

"कोण काय म्हणतं?"

"कुणी काही म्हणत नाही हो मावशी. तेच तर. आईने सूचना पाळल्या नाहीत, स्वतः मेली आणि दहा जणांना मारत होती, असं सरकारी कागदात आलंय ना? मग हातचं कोण खाणार?"

मी त्या संध्याकाळी युफ्रासियाकडे गेले आणि सांगितलं की नासारियाच्या वर्षाच्या प्रार्थनेला मी जाणार आहे आणि पुस्तिका नेणार आहे.

"बोललीस तर यंत्र जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"आठ घरांचं आहे ते. तू एकटीने कसं ठरवतेस?"

"लिहिलं एकटीनेच होतं."

"ऐकलं आठ जणींनी होतं!" ती ओरडली. "मीही ऐकलं होतं. मला काय झोप येते?" मग तिने तोंड फिरवलं. "जा. पण परत आलीस की माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस."

बोका नेग्रात प्रार्थनेला सगळं गाव आलं होतं. मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. घराच्या पुढच्या अंगणात ओंदिनाने लांब टेबल मांडलं होतं. नारळाच्या रश्श्यातला मासा, भात, आणि मधोमध पावांची रास. वर्षाच्या जेवणात मेलेल्याच्या वाट्याला आमच्यात एरेबा ठेवतात. तिने तिथेही पावच ठेवला होता. प्रार्थना संपली आणि ओंदिना म्हणाली, "या, बसा जेवायला."

कुणी हललं नाही. मग एकेक जण म्हणू लागला, जेवून आलो, नुकताच जेवलो, पोट बरं नाही. भरदुपारी बारा वाजता सगळं गाव जेवून आलेलं होतं. ओंदिना हातात पळी घेऊन उभी होती. वर्षात ती माझ्याएवढी दिसायला लागली होती.

मी उभी राहिले आणि पुस्तिका काढली.

"मी नासारियाची बहीण," मी म्हणाले. "हे मी लिहिलंय. ऐका."

पहिल्या ओळीपासून मी वाचलं. उपटणे, सोलणे, धुणे, किसणे, प्रत्येकाची मिनिटं. पिळणे, पंधरा. चाळणे, चाळीस. भाजणे. मग पुस्तिका मिटली.

"यात एक रात्र नाही. किसल्यावर आणि भाजण्याआधी कसावा रात्रभर ठेवतात, नाहीतर विष राहतं. आमच्या गावात ते सगळ्यांना येतं, म्हणून माझ्याकडून लिहायचं राहिलं. तुमच्या गटाने लिहिलं तसंच केलं. माझ्या बहिणीने लिहिलं तसंच केलं. सूचना पाळल्या नाहीत असं कागदात आलंय, ते खोटं आहे."

सेवेरा नावाची एक वाळकी म्हातारी पुढे आली. त्या शनिवारी तीही आजारी पडली होती.

"म्हणजे आमच्या हातून काही चुकलं नाही?"

"नाही."

"आणि हे तुला कधीपासून माहीत?"

"दफनाच्या दिवसापासून."

"वर्ष झालं की गं," ती म्हणाली. ती टेबलापाशी गेली, राशीतला एक पाव उचलला, मोडला आणि तोंडात घातला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने चावला, गिळला. "मीठ कमी आहे, ओंदिना," ती म्हणाली आणि खाली बसली. मग शाळेच्या बाईंनी घेतला. मग दोघे मासेमार बाकावर बसले आणि त्यांनी ताटल्या पुढे ओढल्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

ओंदिनाने सगळ्यांना वाढलं. वाढून झालं तेव्हा ती मला हात धरून आत स्वयंपाकघरात घेऊन गेली. मला वाटलं, आता रडेल.

"मावशी, त्या आठवड्यात आईने तुला फोन केला होता," ती म्हणाली. "मी मागे कपडे वाळत घालत होते. 'लिहिलंय तसं करते' एवढंच मला ऐकू आलं. तिने तुला काय विचारलं होतं?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. युफ्रासियाला नाही, एवेलिओला नाही. काहीही सांगता आलं असतं. पुस्तकाबद्दल आनंद झाला होता म्हणाले असते, तर तेही खोटं नव्हतं.

"आईला दोन दिवस लागायचे, असं तिला आठवत होतं," मी म्हणाले. "यात एकच दिवस कसा, असं तिने विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"लिहिलंय तसं कर म्हणाले."

बाहेर ताटल्यांचा आवाज येत होता. कुणीतरी आणखी रस्सा मागत होतं. ओंदिनाने चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"म्हणजे तिला आठवलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"वर्षभर मी तिलाच शिव्या घातल्या. बाहेर सगळ्यांपुढे तिची बाजू घ्यायची आणि घरात तिच्या फोटोला शिव्या घालायची. चौदा वर्षं आजीच्या घरी राहून काहीच कसं आठवलं नाही हिला, म्हणून."

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले. ती बाजूला झाली.

"ते पुस्तक दे."

मी दिलं.

"हे माझ्याकडे राहील. पुन्हा कुणी काही म्हणालं तर दाखवीन."

"ठेव. माझ्याकडे तेवढी एकच प्रत होती."

"आणि तू येऊ नकोस, मावशी. पुढच्या वर्षी नको, कधीच नको."

मी बरं म्हणाले. पिशवी उचलली आणि मागच्या दाराने निघाले, कारण पुढच्या अंगणात लोक जेवत होते.